अताउल्लाचे बीजगणित : एका समीकरणाची पाच रूपे

छत्रपती संभाजीनगरातील, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेतील, बीबी का मकबऱ्याच्या मुख्य प्रवेशद्वाराची दारे पितळी पत्र्याने मढवलेली असून त्यांवरील लेखात अताउल्ला हा वास्तुकार, हंसपत राय हा अभियंता आणि हिजरी १०७१, म्हणजे इ.स. १६६०-६१, हे वर्ष नोंदलेले आहे. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम हिचे ८ ऑक्टोबर १६५७ रोजी याच शहरात निधन झाले आणि तिच्या कबरीवर ही वास्तू उभी राहिली. दारावर नाव कोरलेला अताउल्ला हा ताजमहालाचा वास्तुकार मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा होय, आणि याच अताउल्ला रुश्दीने मकबऱ्याच्या सुमारे पंचवीस वर्षे आधी, हिजरी १०४४ मध्ये (इ.स. १६३४-३५), भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या संस्कृत ग्रंथाचे फारसी भाषांतर करून ते बादशहा शाहजहानला अर्पण केले होते. मकबरा पाहायला रोज शेकडो माणसे येतात; त्याच्या कर्त्याने बीजगणिताच्या इतिहासात बजावलेली कामगिरी मात्र फारशी सांगितली जात नाही.

ही कामगिरी समजून घ्यायची तर ‘चिन्हलेखन’ म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. गणितातले विधान लिहिण्याची ठरीव पद्धत म्हणजे चिन्हलेखन. अज्ञात राशीला कोणते अक्षर द्यावे, वर्ग कसा दाखवावा, ऋण संख्या कशी ओळखू यावी, दोन बाजू समान आहेत हे कोणत्या खुणेने सांगावे, यांचे नियम त्यात येतात. अशी पद्धत प्रत्येक परंपरेने आपापल्या लिपीप्रमाणे आणि लेखनसाधनांप्रमाणे घडवली, आणि त्यामुळे एका परंपरेतले समीकरण दुसरीत नेणे हे शब्दांच्या भाषांतराहून वेगळे आणि अधिक अवघड काम ठरले. समीकरणाचे उत्तर कोणत्याही लिपीत बदलत नाही. पण उत्तरापर्यंत पोहोचण्याची रीत मांडणीला चिकटलेली असते, आणि मांडणी मोडली की ती रीतही दृष्टीआड होण्याचा धोका असतो. भास्कराचार्यांच्या एकाच उदाहरणाचा संस्कृत, फारसी, इंग्रजी, मराठी आणि संगणकीय लेखनातून माग काढला, तर हे फार स्पष्ट दिसते.

पाटण्याचा मठ आणि देवगिरी

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इ.स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला आणि लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग मानले जातात. त्यांच्या गावाविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी त्यांच्या घराण्याचा यादवांच्या दरबाराशी असलेला संबंध शिलालेखाने सिद्ध झालेला आहे. चाळीसगाव तालुक्यात, कन्नडच्या डोंगराच्या पलीकडे असलेल्या पाटणे येथील हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल याने आपल्याकडे बोलावून घेतले आणि नातू चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला, असे त्यात सांगितले आहे. आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन अखंड चालावे म्हणून चांगदेवाने मठ स्थापला आणि निकुंभ वंशातील सोइदेव या यादवांच्या मांडलिकाने इ.स. १२०७ मध्ये त्याला दान दिले. या लेखाचा मुख्य भाग संस्कृतात असला, तरी दानाचा तपशील सांगणारा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे.

यादवांची राजधानी देवगिरी, म्हणजे पुढचे दौलताबाद, मकबऱ्यापासून काही कोसांवर आहे. मठाच्या दानलेखात अध्यापनाचा उल्लेख स्पष्टपणे येतो, ही गोष्ट बीजगणिताच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे, कारण बीजगणित केवळ श्लोक पाठ करून येत नाही. श्लोकात नियम आणि प्रश्न येतात. उदाहरण प्रत्यक्ष सोडवताना राशी पाटीवर कशा मांडायच्या, कोणत्या पुसायच्या आणि कोणत्या ठेवायच्या, हे गुरूच्या हाताकडे पाहूनच शिष्याला कळते. भास्कराचार्यांनी आपल्या श्लोकांना गद्य स्पष्टीकरणाची जोड दिली आणि त्यात ही मांडणी लिहून ठेवली, म्हणून ती आज आपल्याला वाचता येते.

पहिले रूप : या, रू आणि टिंब

भास्कराचार्यांच्या पद्धतीत पहिल्या अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जितके असेल तितके’, असे नाव असून तिचे आद्याक्षर ‘या’ वापरले जाते. अज्ञात राशी एकाहून अधिक असतील, तर पुढच्यांना रंगांची नावे मिळतात : कालक, नीलक, पीतक, लोहितक, आणि त्यांची अक्षरे का, नी, पी, लो. ज्ञात संख्येला ‘रूप’ म्हणतात आणि तिच्याआधी ‘रू’ लिहितात. वर्गासाठी ‘व’, घनासाठी ‘घ’, दोन अज्ञातांच्या गुणाकारासाठी ‘भावित’ या शब्दातला ‘भा’ आणि करणीसाठी, म्हणजे ज्या संख्येचे वर्गमूळ नेमके निघत नाही तिच्यासाठी, ‘क’ येतो. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब दिले जाते. बेरजेसाठी वेगळी खूण नसते. पदे शेजारीशेजारी लिहिली की ती मिळवायची असतात. बरोबरीचे चिन्हही नसते. समीकरणाच्या दोन बाजू एकीखाली एक लिहिल्या जातात आणि एकाच जातीची पदे एकाच स्तंभात येतील याची काळजी घेतली जाते.

मधमाश्यांचे प्रसिद्ध उदाहरण लीलावतीत आहे आणि बीजगणितातही आहे. थव्याच्या निम्म्या संख्येचे वर्गमूळ काढले असता जितक्या माश्या येतात तितक्या मालतीच्या वेलीकडे गेल्या; शिवाय साऱ्या थव्याचे आठ नवमांशही तिकडे गेले; आणि उरली ती कमळात अडकलेला भुंगा व बाहेर घोटाळणारी त्याची जोडीदारीण अशी दोघेच. थवा किती, असा प्रश्न आहे. भास्कराचार्य येथे थव्याला सरळ ‘या’ म्हणत नाहीत. ते थवा यावत्तावताच्या वर्गाची दुप्पट मानतात, कारण मग त्याच्या निम्म्याचे मूळ काढताना करणीची अडचण राहत नाही आणि ‘या १’ एवढेच हाती येते. दोन्ही बाजूंना नवाने गुणून छेद घालवले की मांडणी अशी होते :

या व १८ या ० रू ०
या व १६ या ९ रू १८

वरच्या ओळीतील दोन शून्यांकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. वरच्या बाजूला वर्गाखेरीज काहीही नाही, तरी भास्कराचार्य ‘या ०’ आणि ‘रू ०’ लिहितात, कारण स्तंभ मोकळा राहिला तर वजाबाकीत पदे सरकतील. दशमान पद्धतीत ज्या कारणाने रिकाम्या स्थानी शून्य लिहावे लागते, नेमके तेच कारण येथे राशींना लावलेले आहे. खालची अज्ञात पदे वरच्यांतून आणि वरची रूपे खालच्यांतून वजा करण्याच्या क्रियेला ‘समशोधन’ म्हणतात. ती केली की एका बाजूला वर्ग दोन आणि डोक्यावर टिंब असलेले नऊ यावत्तावत्, तर दुसऱ्या बाजूला अठरा रूपे उरतात.

यापुढची रीत आधीच्या काळातील गणिती श्रीधराचार्य यांची असून भास्कराचार्यांनी ती त्यांच्या नावानिशी उद्धृत केली आहे. वर्गाच्या गुणकाच्या चौपटीने, म्हणजे येथे आठाने, दोन्ही बाजूंना गुणावे आणि अज्ञाताच्या मूळ गुणकाचा वर्ग, म्हणजे एक्याऐंशी, दोन्हींत मिळवावा. रूपांची बाजू १४४ आणि ८१ मिळून २२५ होते आणि तिचे मूळ १५ येते. दुसऱ्या बाजूचे मूळ म्हणजे यावत्तावताची चौपट उणे नऊ. यावत्तावत् ६ आणि थवा ७२ ठरतो. पडताळाही सोपा आहे : छत्तिसाचे मूळ सहा, बहात्तराचे आठ नवमांश चौसष्ट आणि उरलेले दोन, एकूण बहात्तर. या साऱ्या आकडेमोडीत अपूर्णांक कोठेही शिरत नाही, हे या रीतीचे मोठे गुणवैशिष्ट्य आहे.

दुसरे रूप : शय, माल आणि अदद

संस्कृत गणिताला फारसीत आणण्याचे काम अकबराच्या काळात सुरू झाले आणि त्याच्या दरबारातील कवी फैजी याने इ.स. १५८७ मध्ये लीलावतीचे भाषांतर केले. बीजगणिताचा भाग त्यानंतर जवळपास अर्धशतकाने अताउल्लाने हाती घेतला. त्याचे घराणे गणितात मुरलेले होते. धाकटा भाऊ लुत्फुल्ला ‘मुहंदिस’, म्हणजे भूमितिज्ञ किंवा अभियंता, ही उपाधी लावी, आणि वडिलांनी ताजमहाल व दिल्लीचा लाल किल्ला बांधल्याचा उल्लेख त्याच्याच काव्यात सापडतो. मांडू येथील होशंगशाहच्या कबरीवर इ.स. १६५९ चा जो लेख आहे, त्यात त्या वास्तूला आदर वाहण्यासाठी आलेल्या शाहजहानच्या वास्तुकारांत लुत्फुल्लाचे नाव आहे. गणित आणि स्थापत्य या दोन विद्या त्या घरात एकत्र नांदत होत्या.

अताउल्लासमोरची अडचण दोन परंपरांच्या स्वभावातून आलेली होती. अल् ख्वारिज्मीने नवव्या शतकात घालून दिलेल्या वळणाचे अरबी-फारसी बीजगणित मुळात वाक्यांतून चाले. अज्ञाताला ‘शय’, म्हणजे वस्तू, त्याच्या वर्गाला ‘माल’, घनाला ‘काब’ आणि ज्ञात संख्येला ‘अदद’ म्हणत, आणि सारे समीकरण गद्यात सांगत. उत्तर आफ्रिकेतील काही गणितज्ञांनी चौदाव्या-पंधराव्या शतकांत खुणाही वापरल्या होत्या. पण इराणातून हिंदुस्थानात आलेल्या परंपरेत वाक्यांचीच रीत रूढ होती. मधमाश्यांचे समीकरण या वळणाने सांगायचे तर ‘दोन माल हे नऊ शय आणि अठरा अदद यांच्याबरोबर आहेत’ असे म्हणावे लागते. वाक्य अर्थाने अचूक आहे. परंतु वरच्या ओळीतले दोन शून्य त्यात मावत नाहीत, कारण जे नाही ते वाक्यात बोलण्याची गरज पडत नाही.

दुसरी अडचण ऋण संख्येची होती. अल् ख्वारिज्मीने वर्गसमीकरणांचे सहा प्रकार पाडले, कारण दोन्ही बाजूंची सारी पदे धनच असली पाहिजेत असा त्याचा दंडक होता. ‘जब्र’ म्हणजे वजा असलेले पद दुसऱ्या बाजूला नेऊन भरून काढणे आणि ‘मुकाबला’ म्हणजे समान पदे समोरासमोर ठेवून कमी करणे, या दोन क्रियांनी कोणतेही समीकरण त्या सहांपैकी एका प्रकारात बसवले जाई आणि प्रत्येकासाठी वेगळी रीत असे. भास्कराचार्यांच्या ग्रंथाचा आरंभ मात्र धन आणि ऋण यांच्या सहा क्रियांनीच होतो. एकदा टिंबाचे नियम समजले की सहा प्रकारांची गरज उरत नाही, एकच रीत सर्वांना पुरते.

हा फरक मधमाश्यांच्या उदाहरणात मोजून दाखवता येतो. अरबी रीतीने आधी एकच माल शिल्लक राहील असे भागावे लागते : एक माल बरोबर साडेचार शय आणि नऊ अदद. साडेचाराचे निम्मे सवादोन, त्याचा वर्ग पाच पूर्णांक एक सोळांश, त्यात नऊ मिळवले की चौदा पूर्णांक एक सोळांश, त्याचे मूळ पावणेचार, आणि पावणेचारात सवादोन मिळवले की सहा. उत्तर तेच, पण वाट अपूर्णांकांतून गेली. श्रीधराचार्यांची पूर्णांकांतली वाट भास्कराचार्यांच्या ग्रंथात असल्यामुळे त्याच्या भाषांतराबरोबर ती फारसी वाचकासमोर आली, हे अताउल्लाच्या कामाचे मोल आहे.

शब्दांचे जोखीमभरे साम्यही येथे होते. संस्कृतात ‘धन’ म्हणजे संपत्ती आणि गणितात ‘धन’ म्हणजे शून्याहून मोठी संख्या. अरबीत ‘माल’ म्हणजेही संपत्ती, पण गणितात ‘माल’ म्हणजे अज्ञाताचा वर्ग. दोन्ही परंपरांनी संपत्तीवाचक शब्द उचलला आणि वेगळ्या कामाला लावला. अशा ठिकाणी शब्दकोश हाताशी असून भागत नाही. भाषांतरकार स्वतः गणिती असावा लागतो, आणि अताउल्ला तसा होता.

तिसरे रूप : लंडनमधील दोन ग्रंथ

अताउल्लाच्या फारसी ग्रंथामुळेच युरोपला भास्कराचार्यांच्या बीजगणिताचा पहिला सविस्तर परिचय झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील सेवेत असलेल्या एडवर्ड स्ट्रेची यांनी त्यावरून केलेले इंग्रजी पुस्तक १८१३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. संस्कृतातून फारसीत आणि फारसीतून इंग्रजीत, अशा दोन पायऱ्या उतरून आलेल्या या पुस्तकात मूळ ग्रंथ आणि त्यावरचे विवेचन यांची सरमिसळ झालेली होती. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी स्ट्रेची यांनी सॅम्युअल डेव्हिस यांची टिपणे जोडली, कारण डेव्हिस यांनी ती संस्कृत ग्रंथावरून घेतलेली होती.

चारच वर्षांनी, १८१७ मध्ये, हेन्री थॉमस कोलब्रुक यांनी लीलावती आणि बीजगणित ही दोन्ही थेट संस्कृतातून इंग्रजीत आणली आणि ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथातील गणिताचे अध्यायही त्याबरोबर दिले. कोलब्रुक यांचा निर्णय चिन्हलेखनाच्या इतिहासात फार मोलाचा आहे. आधुनिक युरोपीय चिन्हे हाताशी असूनही त्यांनी भास्कराचार्यांची समीकरणे त्यांत बदलून टाकली नाहीत. रोमन अक्षरांत ‘या’, ‘व’ आणि ‘रू’ यांची आद्याक्षरे लिहून, दोन ओळी एकीखाली एक ठेवून, शून्ये जागच्या जागी आणि ऋण अंकावरचे टिंब अंकाच्या डोक्यावर, अशी मूळ मांडणी त्यांनी छापून घेतली. लिपी बदलली, पण रचना जशीच्या तशी राहिली. भास्कराचार्य समीकरण सोडवताना नेमके काय करतात हे संस्कृत न येणाऱ्या वाचकाला कळू शकले ते या निर्णयामुळे.

कोलब्रुक यांना ही मांडणी उलगडण्यासाठी ज्या टीकाग्रंथांचा आधार मिळाला, त्यांत मराठवाड्याचा वाटा आहे. गोदावरीच्या उत्तरेस असलेल्या पार्थपूर येथील, म्हणजे परभणी जिल्ह्यातील आजच्या पाथरी येथील, ज्ञानराजाचा मुलगा सूर्यदास याने इ.स. १५३८ मध्ये बीजगणितावर ‘सूर्यप्रकाश’ ही टीका लिहिली आणि पुढे लीलावतीवरही टीका केली. पाटण्याच्या मठात जे काम गुरू समोर बसून करत असे, तेच काम टीकाकार दूरच्या वाचकासाठी लेखणीने करतो. श्लोकातले पद फोडतो, न्यास म्हणजे मांडणी लिहितो, क्रिया पुढे नेतो. कोलब्रुक यांच्या तळटीपांत सूर्यदासाचे नाव वारंवार येते. अशा रीतीने एकाच ग्रंथाच्या दोन इंग्रजी रूपांमागे दोन माणसे उभी दिसतात : एकामागे पुढे औरंगाबादेत मकबरा बांधणारा अताउल्ला आणि दुसऱ्यामागे पाथरीचा सूर्यदास.

चौथे रूप : शिळाप्रेस, खिळे आणि शिरोरेघ

१८२० च्या दशकात मुंबईत मराठी शाळांसाठी पुस्तके तयार होऊ लागली, तेव्हा कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्रींच्या साहाय्याने इंग्रज गणितज्ञ हटन यांच्या गणिताची मराठी रूपांतरे केली, आणि पुढे बाळशास्त्री जांभेकरांनी ‘शून्यलब्धि’ या नावाने कलनाचा, म्हणजे राशींच्या सूक्ष्म बदलाच्या गणिताचा, विषय मराठीत आणला. या पुस्तकांबरोबर मराठीत नवी मांडणी रुजली. अधिक, उणे आणि बरोबरी यांची युरोपीय चिन्हे स्वीकारली गेली. राशींसाठी मात्र अ, ब, क आणि अज्ञातांसाठी क्ष, य अशी देवनागरी अक्षरे रूढ झाली. मधमाश्यांचे समीकरण आता २क्ष² = ९क्ष + १८ असे लिहिले जाऊ लागले; ‘व’ हे अक्षर जाऊन त्याच्या जागी क्षच्या उजव्या खांद्यावर बारीक दोन बसला. यावत्तावत् या भारदस्त नावाच्या जागी क्ष आला तो मूळ परंपरेतून चालत आलेला नसून इंग्रजी पुस्तकातील अक्षराच्या जोडीला बसवलेला होता. भास्कराचार्यांचा ‘या’ त्यांच्याच प्रदेशातल्या पाठ्यपुस्तकांत परत आला नाही.

छपाईने या मांडणीसमोर स्वतःच्या अडचणी ठेवल्या. शिळाप्रेसवर हाताने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवला जाई, म्हणून तेथे समीकरण कसेही लिहिता येई. पण धातूचे खिळे एकेक करून जुळवणाऱ्या जुळाऱ्याला सारे काही एका ओळीत बसवावे लागे. देवनागरीची शिरोरेघ अक्षरांना जोडते, त्यामुळे ‘अब’ हा दोन राशींचा गुणाकार आहे की एक शब्द आहे, हे नजरेला चटकन कळत नाही. अपूर्णांकाची आडवी रेघ खालच्या अक्षराच्या शिरोरेघेला भिडते. वेलांट्या आणि मात्रा आधीच ओळीच्या वर जागा घेतात, तेथेच घातांकाचा, म्हणजे वर्ग किंवा घन दाखवणाऱ्या खांद्यावरच्या अंकाचा, बारीक खिळा बसवावा लागतो. भास्कराचार्यांचे ऋणाचे टिंब तर अनुस्वारासारखेच दिसते, आणि पुण्याच्या आनंदाश्रमाने १९३० मध्ये कृष्ण दैवज्ञाच्या ‘नवांकुर’ टीकेसह बीजगणित छापले, तेव्हा अशा साऱ्या बारकाव्यांसह संस्कृत न्यास जुळवण्याचे चिकाटीचे काम मराठी मुद्रकांना करावे लागले.

औरंगाबादचा विद्यार्थी या काळात आणखी एका मांडणीला सामोरा जात होता, कारण तो निजामाच्या राज्यात होता. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ मध्ये झाली आणि त्याचे माध्यम उर्दू ठरले. विद्यापीठाची पुस्तके तयार करण्यासाठी ‘दारुल तर्जुमा’, म्हणजे भाषांतर विभाग, काढण्यात आला आणि त्याची आरंभीची धुरा मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे काम त्यांनी दीर्घकाळ औरंगाबादेतूनच चालवले. बीजगणिताला तेथे ‘जब्र-ओ-मुकाबला’ हेच अल् ख्वारिज्मीचे नाव होते. उर्दू लिपी उजवीकडून डावीकडे जाते, पण त्याच ओळीतल्या संख्येचे अंक मात्र सर्वांत मोठे स्थान डावीकडे ठेवून लिहिले जातात. म्हणून समीकरण कोणत्या दिशेने चालावे हा उर्दू गणितलेखनातला मूलभूत प्रश्न आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे राज्य संपले आणि मराठवाड्याचे शिक्षण मराठी व इंग्रजीकडे वळले. याच शहरातील एका पिढीने जब्र-ओ-मुकाबला शिकला आणि पुढच्या पिढीने क्ष शिकला, तरी दोघांसमोरचे वर्गसमीकरण एकच होते.

पाचवे रूप : संकेत आणि आलेख

डोनाल्ड क्नुथ यांनी १९७८ मध्ये ‘टेक’ ही संगणकीय अक्षरजुळणी पद्धत तयार केली, ती गणिती छपाईचा दर्जा घसरत चालल्याच्या असमाधानातून. तिच्यात समीकरण कळफलकावरच्या साध्या चिन्हांनी एका ओळीत लिहायचे असते, म्हणजे वर्गासाठी २क्ष^२ असे, आणि खांद्यावरचा बारीक अंक, मुळाचे छत, अपूर्णांकाची रेघ यांची जागा संगणक स्वतः ठरवतो. फ्रान्स वेल्टहाउस यांच्या कामामुळे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या पद्धतीत देवनागरीही जुळवता येऊ लागली आणि जुळाऱ्याचे जुने कष्ट सरले. मात्र आलेख काढणाऱ्या संगणकीय कार्यक्रमाला हेच समीकरण वेगळ्या तऱ्हेने द्यावे लागते. कागदावर शेजारी लिहिलेला अंक आणि अक्षर यांचा गुणाकार माणूस समजून घेतो, पण संगणकाला तो उघड सांगावा लागतो, म्हणून तेथे २*क्ष^२ - ९*क्ष - १८ असे लिहितात. छापण्याचे लेखन डोळ्यांसाठी असते आणि आलेखाचे लेखन क्रियेसाठी. एकातून दुसऱ्यात जाताना जे गृहीत होते ते बोलून दाखवावे लागते.

गृहीत गोष्ट बोलून दाखवण्याचा हाच नियम भास्कराचार्यांच्या ‘या ०’ मध्ये होता. संगणकात बहुपदी, म्हणजे अज्ञाताच्या वेगवेगळ्या घातांची बेरीज, साठवण्याची एक रूढ रीत म्हणजे नुसत्या गुणकांची यादी ठेवणे, आणि त्या यादीत नसलेल्या पदाच्या जागी शून्य लिहिणे अनिवार्य असते, नाहीतर पुढची पदे सरकतात. वरच्या ओळीची अशी यादी केली तर ती १८, ०, ० अशी होते, आणि ती ११५० सालच्या ओळीतून अक्षरे काढून टाकल्यावर उरणारीच यादी आहे. वाक्यरूप फारसी बीजगणितात आणि नंतरच्या युरोपीय चिन्हांतही जी शून्ये अनावश्यक ठरली होती, ती यंत्राने हिशेब करायची वेळ येताच पुन्हा आवश्यक झाली.

आलेखात आणखी एक गोष्ट दिसते. समशोधनानंतरच्या राशीचा आलेख काढला की वर तोंड केलेल्या पन्हाळीसारखा वक्र येतो. तो आडव्या अक्षाला ६ या ठिकाणी छेदतो, तोच यावत्तावत्. आणि दुसऱ्यांदा शून्याच्या डावीकडे उणे दीड या ठिकाणी छेदतो. हे दुसरे मूळ घेतले तर थवा साडेचार माश्यांचा होईल, म्हणून ते येथे त्याज्य आहे, आणि ऋण रूपांवर लोकांची प्रतीती नसते हा विचार भास्कराचार्यांनीही मांडला आहे. वक्राचा सर्वांत खालचा बिंदू अक्षाखाली २२५ भागिले ८ इतक्या खोलीवर असतो. श्रीधराचार्यांच्या रीतीत दोन्ही बाजूंना आठाने गुणून आणि एक्याऐंशी मिळवून जे २२५ आले होते, तेच येथे खोलीच्या रूपाने उभे राहते. पाटीवरची रीत आणि पडद्यावरचा वक्र ही एकाच संख्येची दोन दर्शने आहेत, आणि दोन्ही मांडण्या शेजारी ठेवल्याशिवाय हे ध्यानात येत नाही.

म्हणूनच रूपांतर करणाऱ्याची जबाबदारी उत्तर बरोबर आणण्यापाशी संपत नाही. जुनी मांडणी आजच्या चिन्हांत उतरवताना मूळ न्यासही सोबत ठेवला, जसा तो कोलब्रुक यांनी ठेवला, तर वाचकाला दोन्ही हाती लागतात. मराठी पाठ्यपुस्तकात वर्गसमीकरणाचे सूत्र शिकवताना त्याच पानावर ‘या व १८ या ० रू ०’ ही ओळ छापली, तर विद्यार्थ्याला स्तंभांची आणि शून्याची शिस्त कळेल, आणि आपल्याच डोंगरापलीकडच्या मठात ती शिकवली जात होती हेही कळेल.

अताउल्लाच्या दोन कामांचे नातेही येथेच जुळते. मकबऱ्याचे आवार सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद, म्हणजे जवळपास पाचास तीन या प्रमाणात आहे. आराखड्यातले प्रमाण जमिनीवर आणताना माप बदलते आणि प्रमाण टिकवावे लागते. संगमरवर कंबरभर उंचीपर्यंत आणि वर घुमटाला वापरून मधला भाग काळ्या दगडावर नितळ गिलावा करून पूर्ण केला गेला, तेव्हा ताजमहालाची आकृती दुसऱ्या साहित्यात उतरली. पंचवीस वर्षांपूर्वी त्याच माणसाने यावत्तावताची आकृती दुसऱ्या भाषेत उतरवली होती. देवगिरीच्या राजांनी ज्या घराण्याला आश्रय दिला त्याचे बीजगणित फारसीत नेणारा हा गणिती अखेर देवगिरीच्याच परिसरात आपले नाव दारावर कोरून गेला, आणि ते नाव वाचताना त्याच्या बांधकामाइतकेच त्याचे भाषांतरही आठवले पाहिजे.